तळावरची वाट

१२ जून

अप्पा,

फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही "हो, हो" म्हणता. या वेळी मला तुमचा नुसता "हो" नकोय, विचार करून हवाय. म्हणून पत्र.

काल मिरीच्या शाळेतून बोलावणं आलं. म्हटलं, काय करून ठेवलं कार्टीने. मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, तिला तिसरीत बसवणं म्हणजे तिचं वर्ष वाया घालवणं आहे. तिसरीची सगळी पुस्तकं तिने सुट्टीतच वाचून संपवली आहेत. तर तिला थेट चौथीत बसवू या. महिनाभर बसून बघू दे, जमलं तर तुम्ही सही करा.

हे छापखान्याची रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळ्यांत झोप मावत नव्हती, पण ते ऐकून एकदम ताठ बसले. परत येताना रस्ताभर शीळ घालत होते. मला मात्र काही सुचेना. कवळ्यांच्या कामावर गेले तर मेण जास्त तापवलं आणि एका कवळीचे पुढचे दोन दात तिरके बसले. मालक म्हणाले, ही घालणारा माणूस बोलेल कमी आणि शिट्ट्याच जास्त वाजवेल. सगळे हसले, मीही हसले. मग ते दोन्ही दात काढून पुन्हा बसवले.

अप्पा, ती सात वर्षांची आहे. चौथीतल्या मुली तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतात. मला कसली भीती वाटते ते धड सांगताही येत नाही. डोकं पुढे निघून गेलं आणि बाकीची मिरी मागे राहिली तर, असं काहीसं. हे म्हणतात, तू उगाच घाबरतेस, अप्पांना विचार, त्यांनी जन्मभर मुलांना गणित शिकवलंय.

तर विचारते आहे. काय करू?

तुमची,
बेबी

---

१८ जून

बेबी,

तू केलेली कवळी घालून हे लिहितो आहे, तेव्हा दातओठ खाऊन लिहितोय असं समजू नकोस. उलट परवापासून मी गालात हसतो आहे. बागेतल्या बाकावरच्या आमच्या मंडळींना बातमी सांगून झाली. एकाने मुद्दाम "काय म्हणालात?" असं तीनदा विचारलं. बहिरा मी आहे, तो नाही.

आता तुझी भीती. तू लहानपणापासून अशीच. झोपाळ्यावर बसायच्या आधी त्याच्या कड्या ओढून बघायचीस. आईपण आल्यावर हे वाढणारच. पण शिकवताना मी एक पाहिलं आहे. ज्या मुलाचं डोकं भरभर चालतं, त्याला मुद्दाम हळू चालायला लावलं की ते मूल खोड्या तरी काढतं नाही तर मिटून तरी जातं. वर्गात उंची मोजत नाहीत.

महिनाभराचीच तर गोष्ट आहे. बसू दे. काही बिघडलं तर तुला दिसेलच. तुझी नजर साच्यातला केसाएवढा तडा पकडते, पोटच्या पोरीचं दुखणं पकडणार नाही का?

मिरीला सांग, आजोबांना स्वतःच्या हाताने पत्र लिही. आणि तू त्यात नाक खुपसू नकोस.

अप्पा

---

२७ जून

अप्पा,

बसवलं तिला चौथीत. तुम्ही सगळे एका बाजूला आणि मी एकटी, मग काय करणार.

अभ्यासात खरंच काही म्हणजे काही अडत नाही. चौथीच्या बाई तरुण आहेत, मनापासून शिकवतात. त्या म्हणाल्या की ही फळ्यावरचं गणित मी लिहून संपवायच्या आत सोडवते. पण बाकावर बसली की तिचे पाय लोंबकळतात, जमिनीला टेकत नाहीत. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दुखतात. मी तेल लावून चोळते, ती पुस्तक वाचत राहते.

एक गोष्ट लक्षात आली. पाण्याची बाटली जशी भरून देते तशीच परत येते. विचारलं तर म्हणते, तहान लागत नाही. शेवटी मीच एकदा शाळेत जाऊन बघून आले. वरच्या मजल्यावरच्या संडासाची कडी उंच आहे, तिचा हात पोहोचत नाही. दार उघडं ठेवून बसायची लाज वाटते, म्हणून बाईसाहेब दिवसभर पाणीच पीत नाहीत. मी म्हटलं, "अगं, बाईंना सांगायचं की." तर म्हणाली, "असलं नाही सांगायचं, आई. चौथीत असलं कुणी सांगत नाही."

मी बाईंना सांगून खाली एक कडी लावून घेतली. झालं एवढंच, तसं मोठं काही नाही. तुम्ही म्हणाल, याला उपाय होता आणि तो केलास. केला. पण कडी नसती दिसली तर, हेच डोक्यात घोळत राहतं.

सध्या तिला एक नवा नाद लागलाय. कामावरून दातांचे जुने, फुटके साचे आण म्हणते. प्लास्टरने फरशीवर चित्रं चांगली उमटतात, म्हणून असेल. पिशवी भरून आणून दिले.

तिने तुम्हाला लिहिलेलं पाकीट सोबत आहे. डिंक लावून चिकटवलंय आणि वर "खाजगी" लिहिलंय. मी नाक खुपसलेलं नाही.

बेबी

---

२७ जून

प्रिय अप्पाआजोबा,

मी चौथीत आहे. माझ्या शेजारी बसते तिला दोन वेण्या आहेत आणि ती मला बाहुली म्हणते. मला ते आवडत नाही पण मी हसते.

मला एक विचारायचं आहे. माणूस श्वास न घेता किती वेळ राहू शकतो? आणि तो वेळ वाढवता येतो का? हे पुस्तकात नाही. आईला विचारलं तर ती लगेच कशाला कशाला करते. म्हणून तुम्हाला विचारते.

तुमची,
मिरी (चौथी)

---

२ जुलै

प्रिय मिरी (चौथी),

वा. प्रश्न असा असावा.

साधा माणूस अर्धा-पाऊण मिनिट श्वास रोखतो. सवयीने हा वेळ वाढतो. रोज थोडा थोडा वाढवायचा, एकदम नाही. समुद्रात शिंपले काढणारे लोक कितीतरी मिनिटं पाण्याखाली राहतात, ते याच सवयीच्या जोरावर. आणखी एक गंमत सांगतो. शांत असलं तर श्वास जास्त पुरतो, घाबरलं की चटकन संपतो. म्हणून ते लोक आधी मन शांत करतात.

मी आत्ता घड्याळ लावून पाहिलं. मला वीस सेकंदही जमलं नाही, आणि शेवटी कवळी बाहेर यायची वेळ आली.

आणखी प्रश्न पाठव.

तुझा,
अप्पाआजोबा

---

७ जुलै

प्रिय अप्पाआजोबा,

मी एक गणित तयार केलं आहे.

एक वाट आहे. ती तीस पावलांची आहे. एका मुलीचा श्वास वीस पावलं पुरतो. पण वाट पाण्याखालून आहे. तर मुलीने श्वास किती वाढवला पाहिजे?

मला वाटतं पाण्यात पावलं हळू पडतील. बरोबर ना? आणि पाण्यात माणूस वर येतो ना, तर वर येऊ नये म्हणून शिंपलेवाले लोक काय करतात?

लवकर लिहा. पुढच्या गुरुवारच्या आत पाहिजे.

मिरी

---

१० जुलै

प्रिय मिरी,

तुझं गणित मी बाकावरच्या मंडळींना वाचून दाखवलं. एक जण निवृत्त इंजिनिअर आहे. तो म्हणाला, या पोरीला माझ्याकडे पाठवा.

पाण्यात चालायला दुप्पट वेळ लागतो असं धरू. म्हणजे मुलीचा श्वास तिप्पट व्हायला हवा. तू पाण्याचा अडथळा स्वतःहून लक्षात घेतलास, याला मी पैकीच्या पैकी गुण दिले आहेत.

वर येऊ नये म्हणून पाणबुडे कमरेला जड तुकडे बांधतात, बहुतेक शिशाचे. थोडंसं वजन पुरतं.

गुरुवारी वर्गात सांगायचं असेल, होय ना? आजच टाकतो आहे, वेळेवर पोहोचेल. छाती पुढे काढून सांग.

तुझा,
अप्पाआजोबा

---

१७ जुलै

अप्पा,

मिरी घरी आहे आणि ठीक आहे. हे आधी वाचा, मग बसा, मग पुढचं वाचा.

परवा मंगळवारी कामावर वीज गेली म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर हे आतल्या खोलीत झोपलेले. बाहेर मिरी नव्हती. शाळेतून आली होती, दप्तर जागेवर होतं. हाक मारली, उत्तर नाही. न्हाणीघराच्या दाराखालून उजेड दिसत होता. आत काहीच आवाज नव्हता. पाण्याचासुद्धा नाही.

दार ढकललं. ती बादलीपुढे गुडघ्यांवर बसली होती. मानेपर्यंत डोकं पाण्यात. केस वर पसरले होते. एक हात बादलीच्या काठावर, आणि त्या हाताची बोटं आकडे मोजत काठावर हळूच वाजत होती. ती बोटं हलताना दिसली म्हणून कळलं की जीव आहे.

खांद्याला धरून ओढलं. ती खोकली, नाकातून पाणी आलं, आणि श्वास येताच पहिलं काय म्हणाली असेल? "आई, तू माझा आकडा मोडलास."

मी तिला मारलं, अप्पा. आजवर कधी हात उचलला नव्हता. मारलं आणि मग घट्ट धरून तिथेच ओल्यात बसले. माझं ओरडणं ऐकून हे धावत आले. ते दहा पावलांवर होते हो. भिंतीपलीकडे झोपले होते.

रात्री जेवण झाल्यावर ती बोलली. चौथीला दर गुरुवारी पोहायच्या तलावावर नेतात. पहिल्या गुरुवारी नुसता दाखवून आणला. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी वर्गात विचारलं, कुणाकुणाला पोहता येत नाही, हात वर करा. चार मुलांनी केला. बाकीची हसली. हिने केला नाही. पाण्यात मात्र आजच्या गुरुवारी पहिल्यांदा उतरवणार होते.

"का गं?" मी म्हटलं.

"मग मला खाली तिसरीत पाठवलं असतं."

"मग पाण्यात काय करणार होतीस?"

तर तिने मला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, मीच तिसरीत आहे अशा सुरात. पोहायचं नाही. तळावरून चालत जायचं. तलावाची रुंदी तिने कठड्यावरून पावलांनी मोजून ठेवली होती. श्वास दोन-तीन आठवडे रोज वाढवत आणला होता. मी विचारलं, पलीकडे गेल्यावर वर कशी येणार होतीस. म्हणाली, तिथे शिडी आहे, बघून ठेवलीय.

मग तिने पोहायला न्यायची पिशवी आणून दाखवली. यांचा जुना पट्टा आणि त्याला बांधलेले तिचे मोजे. मोज्यांत माझे दातांचे साचे ठासून भरलेले. अप्पा, मीच आणून दिलेले.

हे बाहेर जाऊन पायरीवर बसले. किती वेळ आत आले नाहीत.

बुधवारी मी शाळेत गेले. चौथीच्या बाईंनी पट्टा हातात घेऊन बघितला आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मी विचारलं होतं हो. मी प्रत्येक वर्षी विचारते." त्यांच्यावर कसा रागावू? मोठ्या बाई आल्या, त्याही घाबरल्या होत्या. पण म्हणाल्या, बघा, एवढ्याशा पोरीने केवढा विचार केलाय. हे डोकं तिसरीत कसं मावेल? मी म्हटलं, "तिचं गणित बरोबर आहे, बाई. म्हणून तर मी घाबरले आहे."

आज गुरुवार. ती घरी आहे, मी रजा घेतली आहे. ती बाजूला बसून वाचते आहे आणि मी दर ओळीला मान वर करून बघते आहे.

तुमची दोन्ही पत्रं तिच्या दप्तरात सापडली. वाचली. तुमच्यावर खूप रागवायचं असं ठरवून हे पत्र लिहायला घेतलं होतं. जमत नाही. साचे मी दिले.

सही करायची तारीख या महिनाअखेरची आहे.

बेबी

---

२२ जुलै

बेबी,

तुझं पत्र फाटकात उभ्यानेच उघडलं. बसा म्हणाली होतीस, मी ऐकलं नाही. मग तिथल्याच पायरीवर बसावं लागलं. शेजारीण पाणी घेऊन आली. तिला काय सांगणार? म्हटलं, ऊन लागलं.

बेबी, ती पाण्याखालच्या वाटेबद्दल विचारत होती आणि मी तिला गुण देत होतो. ती दर प्रश्नागणिक तलावाच्या काठाकडे सरकत होती, आणि मी त्या प्रश्नांचं कौतुक करत होतो. कशासाठी विचारतेस, एवढं एक विचारायला हवं होतं. पोस्टात पत्र टाकताना मी घाई केली. वेळेवर पोहोचावं म्हणून.

रात्री डोळा लागला की बोटं वाजताना ऐकू येतात. मला, ज्याला दाराची घंटा ऐकू येत नाही.

सही करू नकोस. तिला त्या वर्गातून काढ. तलावाकडे, नदीकडे, कुठल्याच पाण्याकडे जाऊ देऊ नकोस. न्हाणीघरात एकटी सोडू नकोस. हवं तर वर्षभर माझ्याकडे पाठव, मी घरी शिकवतो. नको, माझ्याकडे नको.

काल तिचं पत्र आलं. एवढंच लिहिलंय: "आजोबा, मला आई बोलली. तुम्ही पण माझ्यावर रागावलात का?" दोनदा लिहायला बसलो. तिला काय लिहू? माझ्या एका शब्दाचं ती काय करेल, याची मला भीती वाटते.

अप्पा

---

९ ऑगस्ट

अप्पा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय ठरलं ते माझं मलाच नक्की कळत नव्हतं.

मोठ्या बाईंनी वाट काढली होती. चौथीतच राहू दे, पोहण्यातून तिला वगळतो. हे म्हणाले, असं करू या का? कारण तिसरीचं नाव काढलं की मिरी ताट बाजूला सारायची. म्हणायची, मी चुकले नाही तरी मला शिक्षा का? तिच्याकडे बघवत नव्हतं. मी जवळजवळ सही करणार होते.

शेवटी चौथीच्या बाईंना विचारलं, एक दिवस मागच्या बाकावर बसू का? त्या हो म्हणाल्या. बसले. तासाला तर ती सगळ्यांच्या पुढे होती, अभिमानच वाटला. मग मधली सुट्टी झाली. मुली घोळका करून काहीतरी बोलत होत्या. मिरी भिंतीला पाठ लावून त्यांच्या कडेला उभी होती. त्या हसल्या की ती हसायची. पण एक क्षण उशिरा. आधी ती त्यांच्या तोंडांकडे बघायची, त्या हसतायत असं दिसलं की मग हसायची. सुट्टीभर तेच. पोरगी हसायचं कधी, हे पाठ करत होती. मला तलावाची वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली. पाण्यातून ओढून काढता येतं. इथे कुठे धरून ओढणार होते?

घरी येऊन यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माझीच बढती झाल्यासारखं वाटलं होतं गं."

सही केली नाही. तिला तिसरीत बसवलं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या आठवड्यात गुडघा फोडून आली आणि कुणी कुणाचं खोडरबर चोरलं याची भलीमोठी तक्रार सांगत बसली. पाय जमिनीला टेकतात. गणिताच्या तासाला कंटाळा येतो म्हणते, आणि खरंच येत असणार. चौथीच्या बाई तिला शनिवारी बोलावून अवघड गणितं देतात. आपण बरोबर केलं का, अप्पा? तुम्ही म्हणाल हो. मला अजून नक्की कळत नाही. कदाचित ती पंचवीस वर्षांची होऊन मला विचारेल, का थांबवलंस? विचारू दे. पंचवीस वर्षांची तर होऊ दे.

पाण्यापासून मात्र मी तिला तोडणार नाही. तिला पोहायला शिकवायचं ठरवलंय, रविवारी, लहान मुलांच्या उथळ तलावात. मीही तिच्याबरोबर शिकते आहे. शिकवणारा म्हणतो, तुम्ही काठ सोडा, त्याशिवाय मुलगी सोडणार नाही. आता खरं सांगायचं तर तिने केव्हाच सोडलाय. मीच धरून आहे.

तुम्ही तिला पत्र लिहा. ती रोज पोस्टमनला विचारते. हवं ते विचारू दे, हवं ते सांगा, फक्त शेवटी "कशासाठी गं?" एवढं जोडत जा.

न्हाणीघराची कडी यांनी काढून टाकली. तरी ती आत गेली की माझे पाय आपोआप दारापाशी जातात. कितीही काम असो. तिला ते कळलं. म्हणाली, आई, तू बाहेर उभी राहू नकोस, मी आतून मोठ्याने पाढे म्हणते, म्हणजे तुला ऐकू येईल. तेव्हापासून रोज आमच्या घरात आंघोळीच्या वेळी पाढे चालू असतात. दोनापासून सुरू करते, कंटाळा आला की उलटे म्हणते.

आज एकोणिसावर होती. मी ताटं पुसत होते. एकोणीस सत्ते म्हणाली आणि थांबली. पुढचं येईना. पाणीही वाजेना. हातातलं ताट तसंच ठेवून मी धावले आणि दाराला हात लावला.

आतून आवाज आला, "आई, मी फक्त श्वास घेतेय."

बेबी